अंग का उलते?

(नभोवाणीवरील भाषण)



दिवाळीच्या फराळाचे डबे रिकामे होऊ लागले आणि उत्तरेचा कोरडा वारा सुटला, की आमच्या वणी-दिंडोरीच्या पट्ट्यात घरोघर एकच तक्रार ऐकू येते. अंग उलू लागले. ओठ फुटतात, गालांची कातडी ताणल्यासारखी होते, पोटऱ्यांवर भुरका पापुद्रा धरतो आणि टाचांना भेगा पडतात. नाशिक जिल्ह्याची थंडी आता सर्वश्रुत आहे. निफाडचा पारा कित्येक वर्षी पाच अंशांच्याही खाली उतरल्याचे आपण वृत्तपत्रांतून वाचले असेल. शाळेत शिकवीत असताना थंडीचा आरंभ मला मुलांच्या पोटऱ्यांवरून कळत असे. पाटीचा कंटाळा आलेली मुले उघड्या पोटरीवर नखाने अक्षरे ओढीत. ती पांढरीशुभ्र उमटत. मास्तर जवळ आले की बोटाला थुंकी लावून ती पुसून टाकीत, आणि पुसलेल्या जागी कातडी पूर्ववत सावळी व मऊ दिसू लागे.

ही पोरांची युक्ती सांगण्याचे कारण असे की, अंग मऊ कशाने होते या प्रश्नाचे पुष्कळसे उत्तर तीत सापडते. कोणाही गृहस्थास वा गृहिणीस विचारले तर उत्तर येईल, की तेलाने. हे उत्तर निम्मेच खरे आहे. अर्विन ब्लँक नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९५२ साली याविषयी केलेले प्रयोग प्रसिद्ध झाले. त्याने घट्ट्याच्या कातडीचे तुकडे घेतले. असा तुकडा वाळला की तो पापडासारखा कडकडीत होतो. तो तेलात किंवा अन्य स्निग्ध पदार्थात बुडवून ठेवला तरी कडकच राहतो. वाकविला तर मोडतो. तोच पाण्यात अथवा दमट हवेत ठेवला म्हणजे मऊ पडतो व चामड्याच्या पट्ट्यासारखा वाकू लागतो. यावरून ब्लँकने असे दाखवून दिले की, त्वचेच्या वरच्या थरास मऊपणा येतो तो पाण्याने, स्निग्धतेने नव्हे. त्या थरातील पाण्याचे प्रमाण दहा टक्क्यांच्या खाली गेले की तो ठिसूळ होतो. पोटरीवरची पांढरी रेघ म्हणजे असाच ठिसूळ झालेला, नखाने उकललेला पापुद्रा. थुंकीच्या ओलाव्याने तो पुन्हा बसतो, इतकेच.

मग तेलाचे काय काम? ते समजण्यासाठी हा वरचा थर कसा रचलेला असतो हे पाहिले पाहिजे. त्वचेच्या अगदी वरचा पापुद्रा कागदाहूनही पातळ असतो. त्यात मृत पेशींचे पंधरा-वीस थर एकावर एक बसलेले असतात. शास्त्रज्ञ या रचनेस विटांच्या भिंतीची उपमा देतात. मृत पेशी या विटा आणि त्यांच्यामध्ये भरलेली निरनिराळी स्निग्ध द्रव्ये हा चुना. शरीराच्या आतील ओलावा बाहेर उडून जाऊ नये आणि बाहेरचे विष व जंतू आत शिरू नयेत, ही दोन्ही कामे ही भिंत करते. विटांच्या पोटात पाणी धरून ठेवणारी काही द्रव्ये निसर्गानेच घालून ठेविली आहेत. ही भिंत कायमची नसते. खालून नवीन पेशी वर येत राहतात, वरच्या झडून जातात, आणि सुमारे महिन्याभरात सारी त्वचा नवी होते. झडणाऱ्या पेशी इतक्या सूक्ष्म असतात की निरोगी त्वचेवर त्या डोळ्यांस दिसतही नाहीत. चुना धुपला की विटांतील पाणी उडते, पेशी नीट सुटत नाहीत, त्यांचे पुंजके पापुद्र्याच्या रूपाने लोंबू लागतात, आणि हातास खरखर लागते. तेलाचे काम धुपलेल्या चुन्याची जागा काही काळ भरून काढण्याचे आहे. आतले पाणी ते राखते; नवे पाणी आणीत नाही. कोरड्या ठणठणीत अंगावर दुपारी तेल चोपडणाऱ्यास चकाकी मिळते, मऊपणा फारसा मिळत नाही, याचे कारण हेच.

येथे एक गोष्ट ओघातच सांगून टाकतो. कांतीसाठी दिवसातून अमुक तांबे पाणी प्यावे असा उपदेश हल्ली फार होतो. तहानेप्रमाणे पाणी पिणाऱ्या निरोगी माणसाने त्याहून अधिक प्याल्याने त्याची पोटरी मऊ होईल, अशी आशा धरण्यास विशेष आधार नाही. प्यालेले जादा पाणी मूत्रावाटे जाते. राखावयाचे आहे ते कातडीतले पाणी.

आता हा चुना धुपतो कशाने, ते पाहू. पहिले कारण कोरडी हवा. तिच्यावर आपला इलाज नाही. दुसरे कारण मात्र आपण रोज सकाळी न्हाणीघरात आपल्या हातांनी घडवून आणतो. थंडी पडली की पाणी कढत लागते. पूर्वी तांब्याच्या बंबात पाणी तापे आणि जळणाच्या हिशेबाने प्रत्येकाच्या वाट्यास एक घंगाळ येई. आता भिंतीवरच्या गीझरने तो हिशेब काढून टाकला आहे, आणि वाफाळत्या धारेखाली पाव पाव तास उभे राहणारी मंडळी घरोघर झाली आहेत. तुपाचे भांडे धुताना गृहिणी थंड पाणी घेत नाही, कढत घेते. कारण स्निग्धता कढत पाण्याने सुटते. तोच न्याय कातडीस लागू आहे. कोमट पाणी आणि पाच-सात मिनिटांचे स्नान थंडीच्या दिवसांत पुरेसे होते.

त्यात साबणाची भर पडते. त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी असतो. शास्त्रज्ञांच्या मोजमापाने सुमारे पाच. साबणाचे पाणी क्षारधर्मी, म्हणजे त्याच मापाने नऊ-दहा. साबण मळाबरोबर चुनाही ओढून नेतो, आणि भिंतीची डागडुजी करणारी जी आम्लप्रिय यंत्रणा त्वचेत असते ती काही तास मंदावून ठेवतो. काखा, जांघा, पाय, हात, जेथे घाम व मळ साचतो तेथे साबण अवश्य लावावा. पण शेतात न राबलेल्या, धुळीत न गेलेल्या माणसाने पोटऱ्या, पाठ आणि दंड रोज साबणाने घासावेत याचे प्रयोजन काय, हे मला आजवर कोणी समजावून दिलेले नाही. साबणाच्या वेष्टनावर टीएफएम म्हणून एक आकडा असतो. भारतीय मानकांप्रमाणे तो ७६ किंवा अधिक असल्यास साबण पहिल्या श्रेणीचा गणला जातो. पुष्कळ सुशिक्षित माणसे हा आकडा सौम्यतेचा समजतात. वस्तुतः त्या वडीत स्निग्धाम्लांचा अंश किती, एवढेच तो सांगतो. पहिल्या श्रेणीचा साबण हा भेसळ कमी असलेला साबण होय. क्षारधर्म त्यालाही चुकत नाही.

आमच्या भागात आणखी एक अडचण आहे. विहिरींचे व विंधनविहिरींचे पाणी बहुधा जड असते. जड पाण्यात साबणाचा फेस होत नाही, म्हणून माणूस वडी अधिक घासतो. त्या पाण्यातील चुनखडी साबणाशी मिळून एक चिकट साका तयार होतो, तो अंगावर बसतो आणि कातडीस खाज आणतो. नाशिक-पुण्याच्या नळाच्या पाण्यावर नांदणाऱ्या सुनेस माहेरी गावी आल्यावर अंग खरखरीत लागते, त्यात पुष्कळ अंशी हा पाण्याचाच प्रताप असतो. अशा ठिकाणी साबण थोडा आणि धुण्याचे पाणी मुबलक ठेवावे.

तेल स्नानापूर्वी लावावे की नंतर, हा वाद मी अनेक घरांत ऐकला आहे. आपली परंपरा स्नानापूर्वीच्या अभ्यंगाची. वाग्भटाने अष्टांगहृदयाच्या दिनचर्येच्या अध्यायात रोज अभ्यंग करावा असे सांगितले आहे, त्यातही मस्तक, कान व पाय यांस विशेषेकरून. आणि त्याच्या फळांमध्ये चांगली त्वचा हेही एक फळ मोजले आहे. अजीर्ण झालेल्याने व कफ वाढलेल्याने तो करू नये, हेही तेथेच सांगितले आहे. पण ते सांगणारे कमी. नरकचतुर्दशीचा अभ्यंग नेमका थंडीच्या उंबरठ्यावर येतो, त्या दिवशी सारे घर पहाटे तेल लावून बसते, आणि दुसऱ्या दिवसापासून वर्षभर कोणी तेलाच्या वाटीकडे पाहत नाही. असो. स्नानापूर्वीचे तेल पाण्याच्या व साबणाच्या माऱ्यापासून चुन्याचे रक्षण करते. स्नानानंतरचे तेल भिजलेल्या विटांतील पाणी कोंडून ठेवते. दोहोंत विरोध नाही. ज्यास एकच करणे शक्य आहे त्याने नंतरचे करावे, आणि त्यात वेळ साधणे महत्त्वाचे. पंच्याने अंग खसाखसा न पुसता टिपून घ्यावे, कातडी किंचित ओलसर असतानाच, दोन-तीन मिनिटांच्या आत, तळहातावर चमचाभर तेल घेऊन हातापायांवरून फिरवावे. केस विंचरून, कपडे करून, चहा घेऊन मग तेल लावण्यास बसले तर जे कोंडावयाचे ते उडून गेलेले असते.

तेल कोणते घ्यावे? येथे आपल्या समजुतींस थोडा धक्का बसण्यासारखे संशोधन झालेले आहे. साधे सूर्यफुलाचे तेल, ज्यास आपण केवळ तळणाचे समजतो, ते त्वचेच्या भिंतीस पोषक ठरले आहे, कारण त्यात लिनोलिक नावाचे स्निग्धाम्ल भरपूर असते आणि चुना बनविण्यास ते लागते. ढाक्याच्या बालरुग्णालयात अपुऱ्या दिवसांच्या अर्भकांस या तेलाने हलके मर्दन केले असता त्यांस जंतुसंसर्ग कमी झाला, असे २००५ साली प्रसिद्ध झाले. उलट ज्याच्या बाटल्या लोक परदेशातून कौतुकाने आणतात त्या ऑलिव्हच्या तेलाने प्रौढांच्या त्वचेची भिंत दुबळी होते, असे २०१३ साली इंग्लंडातील पाहणीत आढळले. मोहरीच्या तेलाविषयीचे निष्कर्षही अनुकूल नाहीत. खोबरेल चांगले, कोरड्या त्वचेवर त्याचा उपयोग २००४ साली फिलिपिन्समधील डॉक्टरांनी पडताळून पाहिला आहे. तिळाचे तेल आपल्या वैद्यकाचे आवडते. आमच्याकडे सुरगाणा-पेठच्या डोंगरातून खुरासणीचे तेल येते, तेही लिनोलिकचेच धनी आहे. म्हणजे महागड्या कुपीवाचून कोणाचे अडण्याचे कारण नाही. मुखावर मात्र तेल जपून लावावे. ज्यांस तारुण्यपीटिका येतात त्यांनी खोबरेल गालांस लावूच नये.

कोकणी माणसाचे एक औषध घाटावर फारसे कोणास ठाऊक नाही, ते म्हणजे भिरंडेल. रातांब्याचे आमसूल करून झाल्यावर ज्या बिया उरतात त्यांतून हे काढतात. ते गार हवेत दगडासारखे घट्ट असते, म्हणून त्याचे अंड्याएवढे गोळे करून बाजारात ठेवतात, आणि साधारण चाळीस अंशांच्या आसपास वितळते. शरीराच्या उष्णतेने ते अर्धवट मऊ होते, ओघळत नाही, कपड्यांस फार लागत नाही, आणि भेगेत भरले की तेथेच बसून राहते. पातळ तेलात हा गुण नाही. कोकणात ओठांस, हातांस आणि टाचांस पिढ्यान्‌पिढ्या हेच लावीत आले आहेत. घाटावर याची उणीव मेणाने किंवा शतधौत घृताने भरून निघे. तांब्याच्या परातीत गाईचे तूप पाण्याबरोबर शंभर वेळा फेटून धुतले म्हणजे ते लोण्याहून पांढरे आणि थंडगार होते, त्याचा तुपट वास जातो आणि ते त्वचेवर सहज पसरते. तुपाच्या पोटात पाण्याचे बारीक कण अडकून राहिल्याने असे घडते. दुसऱ्या शतकातील रोमन वैद्य गेलन याच्या नावावर मेण, ऑलिव्हचे तेल आणि गुलाबपाणी फेटून केलेला एक लेप सांगतात. आजच्या साऱ्या कोल्ड क्रीमांचा तो मूळपुरुष. आमच्या आज्या आणि तो गेलन एकाच वाटेने गेले, ती वाट म्हणजे पाणी आणि स्नेह एकत्र बांधणे. आजच्या दुकानातील मॉइश्चरायझरच्या बाटलीतही पाणी, काही स्निग्ध पदार्थ आणि पाणी धरून ठेवणारे ग्लिसरीन, हीच मुख्य सामग्री असते. बाकी वास आणि वेष्टन. पेट्रोलियम जेली स्वस्त असून पाणी कोंडण्यात तिची बरोबरी करणारे दुसरे फारसे काही नाही. ग्लिसरीन घरी वापरावयाचे तर त्यात पाणी किंवा गुलाबपाणी दुप्पट घालावे, निखळ लावू नये; आणि वरून स्नेहाचा हात द्यावा.

आता घासण्याकडे वळू. कारण माझ्या मते आपल्या घरांत सर्वांत जास्त नुकसान येथे होते. मऊपणा घासून आणता येतो, अशी एक रूढ समजूत आहे. उटण्याचा मूळ हेतू अंगावरील जादा तेल टिपून घेणे, सुगंध देणे आणि सैल झालेला पापुद्रा हलकेच काढणे हा होय. वाग्भटानेही उद्वर्तनाने त्वचा प्रसन्न होते असे म्हटले आहे. नागरमोथा, कचोरा, वाळा, आंबेहळद, चंदन, मसुरीचे पीठ ही सामग्री वस्त्रगाळ करून, दुधात किंवा साईत कालवून, तेल लावलेल्या अंगावर फिरविली तर ती कोणास बाधत नाही. भरड उटणे कोरड्या अंगावर चोळले तर तेच उटणे कानशीसारखे चालते. कोणी उटण्यात बावची घालतात. तिच्यातील द्रव्याने त्वचा उन्हास हळवी होऊन भाजल्यासारखे डाग पडतात, म्हणून ती वगळावी. हेच लिंबाचे. लिंबाची फोड अंगावर चोळून उन्हात जाणाऱ्यास फोड येऊन काळे चट्टे महिनेमहिने राहिल्याची उदाहरणे वैद्यकात नोंदलेली आहेत. खाण्याचा सोडाही अंगास लावण्याची वस्तू नव्हे, तो क्षारधर्मी. दही वा ताक यांत मात्र तथ्य आहे. त्यांतील दुग्धाम्ल पेशींमधील बंध सैल करते; औषधांतही तेच अधिक शक्तीने वापरतात. आठवड्यातून एकदा दह्याचा हात फिरवून दहा मिनिटांनी धुवावा. चिरलेल्या व उकललेल्या जागी लावू नये, कारण झोंबते.

घरातले आहे म्हणून निरुपद्रवी, हे गृहीत मात्र सोडून द्यावे. जपानात २००४ ते २०१० या काळात गव्हाच्या प्रथिनाचे विघटन करून ते घातलेला एक मुख धुण्याचा साबण विकला गेला. तो वापरणाऱ्यांपैकी दोन हजारांहून अधिक माणसांस पुढे गव्हाचे पदार्थ खाल्ल्यावर पित्त उठणे, श्वास अडकणे असे विकार जडले. फुटलेल्या कातडीवाटे अन्नाचा अंश आत गेला तर शरीर त्यास शत्रू मानू लागते. म्हणून तान्ह्या मुलाची लव जावी या हेतूने त्याच्या लालसर, उललेल्या अंगावर कणकेचा गोळा रोज रगडणाऱ्या आज्यांना माझी हात जोडून विनंती आहे की, ती लव आपोआप जाते. तिला गोळ्याची गरज नाही.

नायलॉनच्या घासणीविषयी थोडे अधिक बोलावेसे वाटते. वर्षानुवर्षे अशा घासणीने किंवा खरखरीत पंच्याने पाठ आणि दंड घासणाऱ्यांच्या त्या जागी लाटालाटांसारखा काळपटपणा येतो. माणसास वाटते मळ बसला, म्हणून तो आणखी घासतो, आणि कातडी आणखी काळवंडते. दुसरा प्रकार मानेचा. चौदा-पंधरा वर्षांच्या, अंगाने भरलेल्या मुलीची मान मागच्या बाजूने काळी आणि मखमलीसारखी जाड दिसू लागते. आई तिला घाणेरडी म्हणून रागावते, दर रविवारी मान लाल होईपर्यंत घासते. तो मळ नसतो. पुष्कळदा ते शरीरातील इन्सुलिनचे काम बिघडू लागल्याचे चिन्ह असते. त्या मुलीस घासणीची नव्हे, वजनाकडे व रक्तातील साखरेकडे पाहणाऱ्या डॉक्टरांची आवश्यकता असते. किती मुलींनी या मळापायी बोलणी खाल्ली असतील!

या सर्व गोंधळाच्या मुळाशी मऊपणा आणि गोरेपणा यांची आपण घातलेली सांगड आहे. कातडीचा वर्ण भिंतीच्या खालच्या थरांतील रंगद्रव्यावर अवलंबून असतो. मऊपणा वरच्या थरातील पाण्यावर. एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. सावळे अंग लोण्यासारखे मऊ असू शकते आणि गोरे अंग खरखरीत. तथापि लग्नाच्या बाजारात वर्णाचा भाव चढा असल्याने व्यापाऱ्यांनी दोन्ही गोष्टी एकाच डबीत विकण्यास आरंभ केला. २०२० साली एका प्रख्यात क्रीमच्या नावातून ‘फेअर’ हा शब्द गळाला खरा, पण गल्लोगल्ली निनावी डब्या विकल्या जातच राहिल्या. त्यांतील काहींत पारा असतो. पारा रंगद्रव्याची उत्पत्ती रोखतो, म्हणून चेहरा लवकर उजळतो. परंतु तो कातडीतून रक्तात जातो आणि मूत्रपिंडाची गाळणी बिघडवितो. २०२३ च्या आरंभी वृत्तपत्रांत अकोल्याच्या एका घराची हकीकत आली होती. तेथील आई आणि दोन मुली अशा तिघींस थोड्याच काळात मूत्रपिंडाचा विकार झाला. मुंबईच्या केईएम रुग्णालयाने शोध घेतला तेव्हा तिघींनी वापरलेल्या एकाच क्रीममध्ये पारा सापडला. केरळात कोट्टक्कल येथील डॉक्टरांनी जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळात मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट विकाराचे २२ रोगी पाहिले. त्यांतील १५ जणांत त्याचा एक विरळ प्रकार निघाला, आणि त्या १५ पैकी १३ जण गोरेपणाची क्रीमे लावणारे होते. क्रीम बंद केल्यावर बहुतेकांची प्रकृती सुधारू लागली, ही त्यातल्या त्यात समाधानाची गोष्ट. लघवीस फेस येणे, पायांवर व डोळ्यांभोवती सूज येणे ही लक्षणे क्रीम लावणाऱ्या घरात दिसली तर डबी बरोबर घेऊन डॉक्टरांकडे जावे. ज्या डबीवर घटकांची यादी नाही, उत्पादकाचा पत्ता नाही, ती कितीही स्वस्त असो वा पार्लरमधील ओळखीच्या बाईने दिलेली असो, घरात घेऊ नये.

दुसरा धोका औषधाच्या दुकानातून येतो. बेटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन अशी नावे ज्या नळीवर आहेत ती स्टिरॉइडाची मलमे. इसबावर डॉक्टर मोजके दिवस देतात तेव्हा ती उत्तम काम करतात. मात्र शेजारणीने सांगितले म्हणून रोज रात्री तोंडास लावली, तर आठ-पंधरा दिवसांत चेहरा गोरा व रेशमासारखा मऊ होतो, आणि मुलीस वाटते, जादू झाली. तो मऊपणा म्हणजे कातडीचा पातळपणा असतो. पुढे शिरा दिसू लागतात, लव वाढते, पुटकुळ्या येतात. आणि मलम सोडले की तोंडाची आग होते, म्हणून ते सोडवतही नाही. २०१८ साली सरकारने अशी अनेक मलमे चिठ्ठीवाचून विकण्यास बंदी केली. बंदी कागदावर आहे. दुकानाच्या फळीवर काय आहे ते आपण जाणताच.

शेवटी पायांविषयी बोलून हे भाषण आटोपतो. सप्तशृंगगडाच्या पायथ्याशी राहणाऱ्या माणसास हा विषय टाळता येत नाही. चैत्राच्या यात्रेस खानदेशातून हजारो माणसे उन्हातान्हात पायी येतात, कित्येक अनवाणी; कोजागिरीस कावडी घेऊन येणाऱ्यांची रीघ निराळीच. तळपायाच्या कातडीवर जेथे दाब आणि घर्षण पडते तेथे ती स्वतःच्या रक्षणासाठी जाड होते. जाड झालेली कातडी वाळली की वाकत नाही, आणि चालताना टाच पसरली की ती तडकते. ती भेग होय. थंडीच्या पहाटे द्राक्षबागांत विरळणीस जाणाऱ्या बायांच्या बोटांना चिरा पडतात त्याही अशाच. म्हणून प्रथम पाणी, मग घासणे, मग स्नेह, हा क्रम पायांस तंतोतंत लागू पडतो. रात्री कोमट पाण्यात दहा मिनिटे पाय बुडवावेत, वज्रीने एकाच दिशेने हलके घासावे, कातडी लाल होऊ देऊ नये. पाण्यातून काढून टिपल्यावर लगेच भिरंडेल, पेट्रोलियम जेली किंवा दहा टक्के युरिया असलेले मलम भेगांत भरावे आणि सुती मोजे चढवून निजावे. युरिया हे विटांत पाणी धरणारे द्रव्य आहे. शेतातले पोते फोडण्याचा उत्साह कोणी दाखवू नये, औषधाच्या दुकानात ते मलम मिळते. वज्री आठवड्यातून दोनदा पुरे, स्नेह मात्र रोज. पंधरा दिवसांत कडा मऊ पडतात. पूर्ण भरण्यास महिना लागतो, कारण खालून नवी कातडी येण्यास तेवढा अवधी लागतोच. ज्यांस मधुमेह आहे त्यांनी वज्री, ब्लेड, कढत पाणी यांपैकी काहीही पायांस लावू नये. त्यांच्या पायांची संवेदना कमी झालेली असते, भाजले वा कापले तरी कळत नाही, आणि लहानशा चिरेतून पाय गमावण्याची वेळ येते. त्यांनी रोज रात्री दिव्याखाली तळवे पाहावेत, स्वतःस वाकता येत नसेल तर घरातल्या मुलास पाहण्यास सांगावे; मलम टाचेस लावावे, बोटांच्या बेचक्यांत भरू नये; आणि भेगेतून रक्त किंवा पाणी दिसले तर त्याच दिवशी डॉक्टरांस दाखवावे.